हॅनरॅटीच्या वडिलांचं नाव

गुरुवारी सकाळी साडेनऊला सुनेत्राबाई नेहमीप्रमाणे शाळेत बसल्या होत्या. शाळा म्हणजे डायनिंग टेबलाचं खिडकीकडचं टोक, पोह्यांच्या डब्याला टेकवलेला टॅब आणि त्यात चौकटी-चौकटींतून डोकावणारी पंचवीस पोरं. करोनामुळे नाताळानंतर शाळा उघडल्याच नव्हत्या. सहा वर्षांच्या स्वरालीला खुर्चीत धरून ठेवायचं काम आजीकडे आलं होतं. मुलगा सुश्रुत आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. यजमान नरेशराव सोफ्यावर, सात महिन्यांच्या तनयला मांडीवर घेऊन. आणि सून मुक्ता बेडरूमचं दार लावून बसली होती, कारण आज दुपारी दोनला तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. तीही अशीच, पडद्यावर.

दीड महिन्यासाठी म्हणून कराडहून आलेल्या सुनेत्राबाईंना डब्लिनमधल्या सँट्रीच्या या फ्लॅटमध्ये आता अकरा महिने झाले होते. विमानं सुरू झाली तेव्हा तनय पंधरा दिवसांचा होता. परत जायचा विषय तेव्हा त्यांनीच काढला नाही. राहिल्याबद्दल कुणी दोन शब्द बोललं नाही, हेही त्या विसरल्या नव्हत्या.

शाळेत आज नावांचा तास होता. प्रत्येकानं पूर्ण नाव सांगायचं आणि ते कुणावरून ठेवलं ते सांगायचं. ईफा ब्रिजेट नोलन म्हणाली, ब्रिजेट हे तिच्या आजीच्या बहिणीचं. फिन नावाच्या दात पडलेल्या मुलानं सांगितलं, त्याचा मोठा भाऊ जेम्स, कारण आजोबा जेम्स. थोरल्याला नेहमी आजोबांचं नाव देतात, म्हणून त्याच्या वाट्याला नुसतंच फिन आलं. मग स्वरालीची पाळी आली.

"स्वराली सुश्रुत मोहरीर. सुश्रुत इज माय डा."

"अगं वा, बाबांचं नाव," मिस ब्रेनन म्हणाल्या. "आणि बाबांचं मधलं नाव काय?"

"नरेश. दॅट्स आजोबा. ही इज ऑन द सोफा."

"म्हणजे ही तर शिडीच झाली," मिस ब्रेनन म्हणाल्या. "आमच्यापैकी कुणाकडे अशी शिडी नाही बरं का, मुलांनो."

सुनेत्राबाईंना इंग्रजी बोलायचा कंटाळा असला तरी कळायचं सगळं. मुक्ता चहाचा कप न्यायला बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, यांच्यात मधलं नाव बापाचं नसतं?"

"नसतं, आई. आवडेल ते ठेवतात. संताचं, मावशीचं. बारा-तेरा वर्षांची झाली की चर्चमध्ये आणखी एक घेतात, ते तर स्वतःच निवडतात."

"मग बाप कोण ते कळतं कसं?"

"नावावरून नाही कळत. नावावरून कसं कळ..."

मुक्ता तिथेच थांबली. कप उचलायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला. सुनेत्राबाईंना वाटलं, दूध उतू जातंय की काय. त्यांनी गॅसकडे पाहिलं. गॅस बंद होता.

"काय झालं?"

मुक्ता आत गेली. दोन मिनिटांनी ती प्रबंधाची छापील प्रत घेऊन आली आणि टेबलावर, टॅबच्या शेजारीच, तिनं चौदावं पान उघडलं.

* * *

मुक्ताच्या प्रबंधातला डेनिस पॅट्रिक हॅनरॅटी या घरात पाच वर्षं राहत होता. स्वराली चालायला लागली त्या वर्षी तो आला आणि मग त्यानं हलायचं नाव घेतलं नाही. लिमरिकजवळच्या एका खेड्यातला हा मुलगा १८४७ साली, दुष्काळात, पंधराव्या वर्षी एकटाच जहाजात बसला. ओहायोत कालव्याच्या कामावर दगड वाहिले. पुढे एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता, शेगडी पेटवता पेटवता, तिथलीच पुस्तकं वाचून चोविसाव्या वर्षी वकिलीची सनद मिळवली. रेल्वेखाली चिरडलेल्या मजुरांच्या विधवांचे दावे त्यानं चालवले, दोनदा वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये निवडून गेला. हिवाळ्यात कुणालाही घराबाहेर काढू नये असं एक विधेयक मांडलं, ते अकरा मतांनी पडलं, पाठोपाठ तोही पडला. मग पुन्हा त्याच गावात, त्याच कचेरीत येऊन बसला.

सुनेत्राबाई त्याला 'तुझा काँग्रेसवाला' म्हणत. "तुझ्या काँग्रेसवाल्याला म्हणावं, जरा डाळ शिजेपर्यंत थांब."

मुक्ताच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्याच्या बापावर उभं होतं. एकेचाळीस पानं. लिमरिकच्या जमीनदाराच्या जुन्या कागदांत पॅट्रिक हॅनरॅटी नावाचं एक कूळ तिला सापडलं होतं. बायको आणि सहा पोरांसह घराबाहेर काढलेलं, १८४७च्या जानेवारीत. बाप रस्त्यावर आला, मुलगा अमेरिकेला गेला आणि आयुष्यभर लोकांना घरात ठेवण्यासाठी भांडला. इतकं सरळ.

"आणि पॅट्रिक हा त्याचा बाप, हे कुठून आलं?" नरेशरावांनी विचारलं. ते तनयला खांद्यावर घेऊन टेबलाशी आले होते. एकोणचाळीस वर्षं कराडच्या कोर्टात दिवाणी वकिली केलेला माणूस. प्रश्न विचारताना त्यांचा आवाज आपोआप कोरडा व्हायचा.

"त्याच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या कागदावरून. त्यावर नाव आहे, डेनिस पॅट्रिक हॅनरॅटी."

"बापाचं नाव वेगळं लिहिलंय?"

"नाही."

"मग?"

मुक्तानं खुर्ची ओढली. "मी डब्लिनला येऊन बावीस दिवस झाले होते, बाबा. त्याच्यावरचं टिपणाचं कार्ड मी तेव्हा लिहिलंय. डेनिस, वडील पॅट्रिक. मी तेव्हा हजार फॉर्म भरत होते, मुक्ता सुश्रुत मोहरीर, स्वराली सुश्रुत मोहरीर. मी हे गृहीत धरतेय हे मला जाणवलंही नाही. मला माहितीये इथे तसं नसतं. पाच वर्षं माहितीये. पण ते कार्ड त्याच्या आधीचं आहे आणि मी ते परत कधी उघडलंच नाही."

"आणि तुझ्या गाईडबाई?"

"त्यांना वाटलं, माझ्याकडे आधार असणार. मी इतक्या खात्रीनं लिहिलंय." तिनं फोन उचलला, गाईडला लावला. व्हॉइसमेल. परत लावला. व्हॉइसमेल.

स्वरालीनं टॅबवरून मान वळवली. "मम, आर यू ग्रँड?"

"ग्रँड, सोनू, ठीक आहे मी. तू तिकडे बघ."

* * *

सुश्रुतला आतल्या खोलीत बाहेरचे आवाज बदलल्याचं कळलं. त्यानं मीटिंगमध्ये पाच मिनिटांची रजा मागितली आणि बाहेर आला. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. आता कुणी काही करायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही बोलायचं नाही. साडेतीनशे पानं आहेत, मुक्ता. एक वाक्य. कोण पकडतंय?"

"एक वाक्य नाहीये ते. सगळं पहिलं प्रकरण आहे."

"पण पॅट्रिक त्याचा बाप नव्हता, हे कुठे सिद्ध झालंय? असेलही."

"होता, हेही झालेलं नाही," नरेशराव म्हणाले.

"बाबा, प्लीज. हे कोर्ट नाही."

सुश्रुत वाईट बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो हिशेबी होई. लिमरिकच्या विद्यापीठातली मुक्ताची नोकरी सप्टेंबरपासून होती, पण डिग्री हातात असली तरच. नाहीतर यादीतलं पुढचं नाव. इतकी वर्षं त्यानं रोज संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप मिटून पोरं ताब्यात घेतली होती, म्हणजे ती दोन तास लिहील. त्या दोन तासांचा पुढे एक दिवस होईल, एक घर होईल, मागे थोडी बाग असेल, असं त्यानं कुणाला न सांगता मनात बांधून ठेवलं होतं. आता कुठल्यातरी दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बापामुळे ते सगळं डुगडुगायला लागलं होतं.

"आजारी पडलीस म्हणून कळव," सुनेत्राबाई ओट्याकडून म्हणाल्या. "दिवसच असे आहेत. कुणी शंका घेणार नाही."

"पुढची तारीख मे महिन्यातली मिळेल, आई. लिमरिकवाले थांबणार नाहीत."

"मग गप्प बस आणि दे परीक्षा. सुश्रुत म्हणतोय ते काही चूक नाही."

मायलेक एका बाजूला आले की सुश्रुतला जरा धीर येई. दिवाळीत परत जाण्यावरून भांडण झालं तेव्हा ती दोघं दोन टोकांना होती आणि नरेशराव मध्ये. आज नरेशराव एकटे पडले होते. ते तनयच्या पाठीवर थोपटत उभे होते.

"मी एकदा गप्प बसलो होतो," ते म्हणाले.

सुनेत्राबाईंनी डाव खाली ठेवला. "ते कशाला आता?"

"सांगतो. कृष्णेकाठच्या एका बांधाचा दावा होता. माझ्या अशिलाकडे मोजणीचा नकाशा होता, त्यावर तारीख चुकीची होती. मी पाहिली. मला वाटलं, समोरच्याला दिसणार नाही. तो दिवसभर काही बोलला नाही. मी साक्षीदार तपासले, खुशीत होतो. शेवटी तो उठला, नकाशा हातात घेतला आणि न्यायाधीशांना एवढंच म्हणाला, वकीलसाहेबांनी तारीख वाचली असेलच. बस. त्यानंतर मी जे खरं बोललो तेही कुणी ऐकलं नाही."

"दावा गेला?" सुश्रुतनं विचारलं.

"दावा गेला ते गेलाच. पण मी त्या कोर्टात पुढची दोन वर्षं काही म्हटलं की साहेब आधी कागद बघायचे."

"हा महिनाभर जेवला नव्हता नीट," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी नवऱ्याला 'अहो' न म्हणता 'हा' म्हटलं, हे फक्त मुक्ताच्या लक्षात आलं.

"आपली पडती बाजू आपण उठून आधी सांगायची," नरेशराव म्हणाले. "समोरच्यानं सांगितली की ती लबाडी होते. आपण सांगितली की चूक राहते. चुकीला दुरुस्ती असते."

"सोपं आहे बोलायला," सुश्रुत म्हणाला. "तुमची नोकरी नाहीये यात."

टॅबमधून पोरं हात हलवून एकमेकांना बाय म्हणत होती.

* * *

सुनेत्राबाई हात पुसत टेबलाशी आल्या आणि प्रबंधाच्या त्या पानाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. अकरा महिने हे पुस्तक त्यांच्या घरात होतं, म्हणजे त्या या घरात होत्या. पण त्यांनी ते कधी हातात घेतलं नव्हतं. एकदा मुक्तानं वाचून दाखवू का विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, भाजी निवडायची आहे.

"याला पोरं किती?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"तुझ्या काँग्रेसवाल्याला."

"चार. तीन मुलगे, एक मुलगी."

"थोरल्याचं नाव काय?"

"कॉर्नेलियस."

"मग त्याच्या बापाचं नाव कॉर्नेलियस," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तो दात पडलेला फिन आत्ताच सांगत होता. थोरल्याला आजोबांचं नाव. आमच्यातही ठेवतात." त्या क्षणभर थांबल्या. "ठेवायचे."

तनय नरेशरावांच्या खांद्यावर बोट चोखत होता. सुश्रुतनं खिडकीबाहेर पाहिलं. पण मुक्ताचं तनयच्या नावावरच्या या टोमण्याकडे लक्षच नव्हतं. ती लॅपटॉपकडे धावली होती.

जमीनदाराच्या कागदांचे फोटो तिनं लिमरिकला जाऊन काढले होते, स्वरालीला मागच्या सीटवर झोपवून, दोन उन्हाळ्यांपूर्वी. त्यात हॅनरॅटी आडनावाची सात माणसं होती. पॅट्रिक सापडला तेव्हा तिनं बाकी सहांकडे पाहिलं नव्हतं. आता ती एकेक फोटो मोठा करत गेली. मायकेल. ब्रायन. विधवा हॅनरॅटी. मग शेवटच्या पानावर, कुळांच्या यादीत नव्हे, जमीनदाराच्या माणसांच्या यादीत, कॉर्नेलियस हॅनरॅटी. काम: नोटिसा बजावणे, जनावरे हाकून आणणे.

"म्हणजे बेलिफ," नरेशराव तिच्या मागून वाकून म्हणाले.

"हो."

"म्हणजे तो घराबाहेर काढला गेलेला नव्हता. काढणारा होता."

मुक्तानं मान हलवली. तिनं तो फोटो आणखी मोठा केला. सुश्रुत टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानंही वाचलं.

"पण हा तरी बाप कशावरून?" त्यानं विचारलं. आता तो अडवत नव्हता, विचारत होता.

"नुसत्या नावावरून नाहीच," नरेशराव म्हणाले. "एकदा नावावर विसंबून झालंय. मुक्ता, तीनच गोष्टी सांग. हे मी चुकले. हे असं असण्याची शक्यता आहे. आणि हे तपासायचं राहिलंय. चौथं वाक्य बोलू नकोस."

"आणि आधी जेव," सुनेत्राबाई म्हणाल्या. "वरणभात तरी. रिकाम्या पोटी माणूस नको तेवढं बोलतो."

सुश्रुतनं प्रेसमधून ताट काढलं. स्वरालीच्या नादानं घरात सगळेच आता कपाटाला प्रेस म्हणत.

* * *

पावणेदोनला चौघं खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली. तनय, स्वराली, आजी-आजोबा. सुश्रुत राउटर तपासून, मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून मागोमाग आला. जायला दुसरी जागा नव्हती. कॅफे बंद, लायब्ररी बंद, मैदानावर पाऊस.

वर मुक्तानं कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला. डाव्या चौकटीत विद्यापीठाचे डॉ. डेव्हिट, त्यांच्यामागे कुणाचंतरी इस्त्रीचं टेबल. उजव्या चौकटीत ओहायोहून प्रोफेसर हॅलॉक, सत्तरीच्या, तिथली सकाळ असल्यामुळे हातात कॉफी. हॅलॉकबाईंनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला: या विषयाकडे तू कशी आलीस?

"त्याआधी मला एक सांगायचं आहे," मुक्ता म्हणाली.

तिनं सांगितलं. आमच्याकडे माणसाच्या नावात मधोमध त्याचा बाप असतो. मी नवीन होते, मला इथेही तो दिसला. चौदाव्या पानावरचा पॅट्रिक हा हॅनरॅटीचा बाप असल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. पहिलं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. बाप कदाचित दुसरा असेल. कॉर्नेलियस, त्याच गावातला जमीनदाराचा माणूस. हे मला आज सकाळी कळलं. बाप्तिस्म्याची नोंद शोधायची राहिली आहे.

चौथं वाक्य ती बोलली नाही. पडद्यावर कुणीच हललं नाही, इतकं की तिला वाटलं, नेट गेलं.

मग हॅलॉकबाईंनी समोरचा कागद उचलला, पेन घेतलं आणि त्यावर एक ओळ खोडली. खोडल्याचा आवाज माईकमधून आला.

"माझ्या यादीतला पहिला प्रश्न हाच होता," त्या म्हणाल्या. "तीन पोटप्रश्नांसह. आता मला दुसऱ्यापासून सुरुवात करावी लागेल." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "नाही, थांब. समजा कॉर्नेलियसच बाप असेल. मग तुझ्या बाकीच्या पुस्तकाचं काय होतं? ते पडतं का?"

याचं उत्तर मुक्तानं तयार केलेलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा तिला एक वाक्य आठवलं. १८७४ सालचं भाषण, ते अकरा मतांनी पडलेलं विधेयक. हॅनरॅटी सभागृहात म्हणाला होता, हिवाळ्यात दारावर कागद चिकटवणारे हात मी ओळखतो, ते हात गार पडलेले असतात.

"मी हे वाक्य पाच वर्षं घरातून बाहेर काढलेल्या मुलाच्या तोंडून ऐकत होते," मुक्ता म्हणाली. "पण घरातल्या मुलाला ते हात गार आहेत हे कसं कळेल? ज्यानं ते हातात घेतलेत त्यालाच कळेल. तो दाराच्या कुठल्या बाजूला उभा होता, हेच मला माहीत नव्हतं. पुस्तक पडत नाही. मला वाटतं, ते आत्ता उभं राहतंय. तो बापाचा सूड घेत नव्हता. तो बापाचं काहीतरी फेडत होता. आणि त्यानं आयुष्यात एकाही भाषणात बापाचं नाव का घेतलं नाही, हे मला आत्तापर्यंत समजावता येत नव्हतं."

डॉ. डेव्हिट काहीतरी लिहून घेत होते. "दुसरा प्रश्न," हॅलॉकबाई म्हणाल्या, पण आता त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

* * *

गाडीच्या काचांवर वाफ धरली होती. स्वरालीची तिच्यावर बोटानं चार मांजरं काढून झाली होती. पावणेचार.

"तुम्ही तिला सांगायला लावलंत," सुश्रुत स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "गेलं तर?"

"गेलं तर माझ्यावर ढकल," नरेशराव म्हणाले. "बाप कशाला असतो?"

सुश्रुतला हसू आलं, नको असताना.

तनयनं बाटली तीनदा थुंकली. आधी कुरकुरला, मग रडला, मग असा काही ताणून रडायला लागला की शेजारच्या गाडीत बसून फोनवर बोलणाऱ्या माणसानं मान वळवली. सुनेत्राबाईंनी त्याला शालीत गुंडाळलं आणि दार उघडलं.

"आई, अजून संपलं नसेल."

"जिन्यात उभी राहते. तिथे ऐकू जात नाही."

पण त्या जिन्यात थांबल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर दारापर्यंत आल्या, कानोसा घेतला. आत कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली.

मुक्ता पडद्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. पडद्यावर कुणीही नव्हतं, नुसती एक इंग्रजी ओळ.

"झालं?"

"मला बाहेर बसवलंय. त्यांचं ठरतंय."

"घरात बसवून बाहेर?"

"हो. पंधरा मिनिटं झाली."

"आण, त्याला घे. वेडा झालाय भुकेनं."

मुक्तानं तनयला घेतलं. तो लागला तसा सगळ्या घराचाच श्वास खाली बसल्यासारखा झाला. सुनेत्राबाईंनी शाल तिच्या खांद्यावरून ओढून दिली, कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर आणखी एक पुस्तक ठेवून वर केला आणि स्वतः खुर्ची घेऊन बाजूला बसल्या, पडद्यात दिसणार नाही अशा.

तेवढ्यात दोन्ही चौकटी परत आल्या. डॉ. डेव्हिट बोलायला लागले. हॅलॉकबाई हसत होत्या. पण इथे लोक नाही म्हणतानाही हसतात, हे सुनेत्राबाईंनी अकरा महिन्यांत पाहिलं होतं, म्हणून त्या पडद्याकडे न बघता सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या. तो हात तनयच्या पाठीवर होता. घट्ट होता. मग एका शब्दाला तो सैल पडला.

पडदा काळा झाला.

"काय म्हणाले?"

"तीन महिन्यांत पहिलं प्रकरण नव्यानं लिहून द्यायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे पास, आई."

"नक्की?"

"नक्की. हॅलॉकबाई म्हणाल्या, आता त्यांना हे पुस्तक वाचायचंय. आधी नुसतं तपासायचं होतं."

सुनेत्राबाईंनी पदरानं आधी सुनेचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. तनय दूध पिता पिता झोपला होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब ओघळत होता, तोही त्यांनी पुसला.

टेबलावर मुक्ताचा फोन थरथरला. सुश्रुत. 'काही कळलं?' लगेच दुसरा. 'बाबा विचारतायत.' तिसरा नुसता प्रश्नचिन्हांचा.

मुक्तानं मोकळा हात पुढे केला. सुनेत्राबाईंनी तो फोन उचलून पालथा ठेवला.

"कळवू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगायचंच आहे. मग तिघंही वर येतील, बोलत सुटतील, पोरगं उठेल. आधी जरा टेक."

मुक्तानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच टेकलं असावं, कारण नेमकं कुठं टेकावं हे दोघींनाही आधी कळलं नाही. मग सुनेत्राबाईंनी खांदा जरा खाली केला.

"आणि ते काय ते नवीन प्रकरण लिहिशील ना," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते मला वाचून दाखव. मराठीत सांग. भाजी मी नंतर निवडीन."

खाली गाडीत तिघं वाफ पुसलेल्या काचेतून माना वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघत बसली होती.